कलेक्टरच्या दोन परवानग्या

अक्कलकुव्यात घर किंवा प्लॉट घ्यायचा म्हटलं की नातेवाईक आधी भाव विचारतात. जाणता माणूस मात्र आधी सातबारा मागतो आणि जमीन आदिवासी खातेदाराची तर नाही ना, कलम ३६-अ ची नोंद तर नाही ना, हे बघतो. ती असेल तर बोलणी तिथेच थांबायला हवीत. थांबत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

हे कलम महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतलं, ६ जुलै १९७४ पासून लागू झालेलं. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर कलेक्टरची पूर्वमंजुरी लागते आणि तिला राज्य सरकारची मान्यता लागते. त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत ती जमीन घ्यायला दुसरा कुणी आदिवासी तयार नाही, याचीही कलेक्टरला खात्री पटावी लागते. अक्कलकुवा तर आख्खा तालुकाच अनुसूचित क्षेत्रात आहे.

आमच्या लोकांना हा जाच वाटतो. "पैसे आपले, देणारा राजी, घेणारा राजी, मग सरकार कोण?" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्याचं उत्तर खानदेशच्या इतिहासात आहे.

इंग्रजांनी १८१८ नंतर खानदेश ताब्यात घेतला, मोजणी केली, सारा रोख मागितला. जमीन गहाण टाकता येण्याजोगी, विकता येण्याजोगी वस्तू झाली. भिल्ल शेतकऱ्याला सारा भरायला सावकार लागला आणि सावकाराला जमीन. दुष्काळांनी हे आणखी वेगाने घडवलं. म्हणून १९०१ मध्येच मुंबई सरकारला महसूल कायदा दुरुस्त करावा लागला आणि ठरावीक जमिनींच्या हस्तांतरावर कलेक्टरच्या मंजुरीची अट आली. अट कागदावर राहिली, जमिनी जात राहिल्या. पन्नास-साठ वर्षांनी शेजारच्या शहादा-तळोद्यात जमिनीचा मूळ मालक त्याच जमिनीवर सालदार म्हणून राबत होता. अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ मधली श्रमिक संघटना उभी राहिली ती याच दुखण्यातून.

त्यानंतर ३६-अ आलं आणि जोडीला जमिनी परत करण्याचा कायदाही आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी त्याने मूळ मालकाला परत द्यायच्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने लिंगप्पा पोचन्ना खटल्यात १९८४ साली तो वैध ठरवला. त्यातली एक पळवाट आपल्या विषयाची आहे. ६ जुलै १९७४ पर्यंत ज्या जमिनीचा बिगरशेती वापर सुरू झाला होता, ती परत करायची नव्हती. म्हणजे शेत परत जायचं, पण शेतात तोवर घर बांधलेलं असेल तर ते टिकायचं.

गुलाम मुहम्मद वस्तानवी यांच्या जामियामुळे अक्कलकुव्याचं नाव देशभर झालं. बाहेरून शिकायला, शिकवायला, दुकान टाकायला माणसं आली, वस्ती वाढली. अशा वेळी नोटरीच्या कागदावर, साठेखतावर, कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार करायचा मोह होतो. यात वाणी, गुजर, मराठा, मुसलमान असा भेद नाही. पण मी माझ्या माणसांशी बोलतोय म्हणून आपलं सांगतो. अशा कागदावर बँक कर्ज देत नाही, घरपट्टीच्या पावतीने मालकी मिळत नाही, आणि कलेक्टर स्वतःहूनही चौकशी लावू शकतो. शिवाय "देणारा राजी" म्हणताना तो कशामुळे राजी झाला, दवाखान्याच्या बिलाने की लग्नाच्या कर्जाने, हे आपण विचारत नाही.

आता दुसरी परवानगी. आमच्याकडचा माणूस कामासाठी मुंबईआधी सुरतेला जातो. तिथे चार पैसे जमले की फ्लॅट बघतो, आणि त्याला 'अशांत धारा' हा शब्द कळतो. १९८५ च्या दंगलींनंतर गुजरातने १९८६ मध्ये हा कायदा आणला आणि १९९१ मध्ये नव्याने केला. सुरतेचे अनेक भाग त्याखाली अधिसूचित आहेत. तिथे घर विकायचं तर कलेक्टरची परवानगी हवी. हेतू चांगला होता: दंगलीच्या भीतीने कुणी मातीमोल भावात घर विकून पळू नये. म्हणून कलेक्टरने दोनच गोष्टी बघायच्या, विकणारा स्वखुशीने विकतोय का आणि भाव रास्त आहे का. प्रत्यक्षात घेणाऱ्याचं नाव वाचलं जातं, शेजारी हरकत घेतात. बडोद्याच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाला २०२० मध्ये सांगावं लागलं की शेजाऱ्यांच्या हरकतीचा इथे संबंध नाही. २०१९ च्या दुरुस्तीत तर एका समाजाच्या 'अयोग्य एकवटण्या'ची भाषा आली. जमियत उलमाने तिला न्यायालयात आव्हान दिलं.

सुरतेच्या परवानगीवर संतापणारा आपला भाऊ गावी आला की ३६-अ लाही त्याच तोंडाने शिव्या देतो. मला हे पटत नाही. अक्कलकुव्यातली अट विकणाऱ्याला वाचवते, आणि त्याची जमीन खरोखर गेलेली आहे. सुरतेतली अट विकणाऱ्याच्या नावाने सुरू झाली आणि घेणाऱ्याला अडवण्यासाठी वापरली जाते. तिथे राजीखुशीने विकणाऱ्या हिंदू घरमालकाचाही सौदा लटकतो.

माझ्या एका नातेवाइकाने दोन्हीकडे बयाणा दिला होता. सुरतेचा अर्ज अजून पडून आहे. अक्कलकुव्याचा सौदा त्याने सातबारा बघून सोडला आणि सध्या तो गावठाणातलं, साफ कागदाचं जुनं घर बघतोय. महाग आहे.