पवनचक्कीचा खर्ज

पवनचक्की म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक रम्य चित्र उभे राहते: हिरवे पठार, पांढरेशुभ्र खांब आणि आळसावल्यासारखी फिरणारी पाती. तिच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला रात्री झोप लागते की नाही, हा प्रश्न त्या चित्रात मावत नाही. मला मात्र या प्रश्नाच्या इतिहासाचे फार कुतूहल वाटत आले आहे. आवाज मोजणे ही दिसते तितकी सोपी गोष्ट नव्हे. ती शिकण्यासाठी शास्त्रज्ञांना खेड्यापाड्यांतल्या घरांचे उंबरठे ओलांडावे लागले.

१९७३ च्या तेलटंचाईने अमेरिका हादरली आणि वाऱ्यापासून वीज काढणारी प्रचंड यंत्रे बांधण्याचे काम 'नासा'कडे आले. त्यांपैकी 'मॉड-१' हे यंत्र १९७९ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातील बून गावाजवळ, हॉवर्ड्स नॉब या डोंगरमाथ्यावर उभे राहिले. दोन पाती, ६१ मीटर व्यास आणि २,००० किलोवॉट शक्ती! गावाला कौतुक वाटले. पण लवकरच गाऱ्हाणी येऊ लागली.

तीन किलोमीटरांच्या परिसरात हजारावर कुटुंबे राहत होती. गाऱ्हाणे होते त्यांतल्या सुमारे डझनभर घरांचे. म्हणजे शेकड्याला जेमतेम एक! शिवाय गाऱ्हाणेही विचित्र. आवाज ऐकू येण्यापेक्षा अंगाला जाणवतो, तावदाने थरथरतात, आणि अंगणापेक्षा घरातच त्रास अधिक होतो. असली तक्रार कोणत्याही कचेरीत गेली असती, तर 'मनाचे खेळ' म्हणून तिची बोळवण होणे किती सोपे होते!

सुदैवाने तसे झाले नाही. तेथील सौरऊर्जा संशोधन संस्थेचे नील केली आणि त्यांचे सहकारी उपकरणे घेऊन त्या घरांत गेले. कारण उघडकीला आले. या यंत्राची पाती मनोऱ्याच्या मागे, वाऱ्याच्या ओटीला फिरत. मनोऱ्याच्या खांबांनी वारा अडून मागे जो खळबळाट होई, त्यातून जाताना प्रत्येक पात्याला हिसका बसे. मिनिटाला ३५ फेरे आणि पाती दोन, म्हणजे मिनिटाला ७० ठोके! डग्ग्यावर पडणाऱ्या थापेसारखा तो खर्जातला नाद डोंगरउतारांवरून आणि हवेच्या थरांतून वळून काही नेमक्या घरांवर येऊन पडे, आणि त्या घरांच्या भिंती व खोल्या त्याला साथ देत. म्हणूनच शेजारी शांत झोपत आणि हे जागत.

मग साध्या मापकाने हे का सांगितले नसते? कारण तो मापक आपल्या कानाच्या बेताने चालतो. खर्जाला फार कमी गुण देतो, आणि ठोके सरासरीत बुडवून टाकतो. रात्री नळ ठिबकत असला तर त्या आवाजाची सरासरी कितीशी भरणार? पण झोप उडायची ती उडतेच. १९८५ च्या अहवालाने निर्वाळा दिला, की त्रास खरा होता, काल्पनिक नव्हता. यंत्राचे फेरे ३५ वरून २३ वर आणले गेले. काही वर्षांतच ते मोडीतही निघाले. पुढची मोठी यंत्रे मात्र पाती मनोऱ्यापुढे, वाऱ्याच्या तोंडाशी ठेवूनच बांधली जाऊ लागली.

मोजण्याची रीतही बदलली. १९९६ साली ब्रिटनमधील एका अभ्यासगटाने ठरवले, की आधी गावाची स्वतःची शांतता निरनिराळ्या वेगांच्या वाऱ्यांत मोजावी, आणि चक्कीला त्याहून ५ डेसिबेलच अधिक मुभा द्यावी. गंमत अशी, की रात्रीची किमान मर्यादा त्यांनी ४३ ठेवली, दिवसाची ३५ ते ४०. का, तर रात्री माणसे घरात असतात! बूनच्या रहिवाशांना हे तर्कशास्त्र कितपत पटले असते? डेन्मार्कने २०१२ पासून घराच्या आतल्या खर्जासाठी २० डेसिबेलांची निराळी मर्यादा घातली. उलट बाजूही सांगितली पाहिजे: कॅनडा सरकारने १,२३८ लोकांची पाहणी करून २०१४ साली सांगितले, की आवाजाबरोबर वैताग वाढतो; पण आजारांशी किंवा झोपमोडीशी त्याचा संबंध दिसला नाही.

आपल्या साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्याला आता दोन तपे उलटून गेली. आपल्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्रीची ४५ डेसिबेलांची मर्यादा आहे, तीही सरासरीच. ही यंत्रे नकोत, असे मी म्हणणार नाही. धुराशिवाय वीज मिळते, हे लहान पुण्य नव्हे. पण हजारांत डझनभर माणसे जागी आहेत असे म्हणत असतील, तर आकडा लहान म्हणून कागद बाजूला सारू नये. मापक घेऊन त्यांच्या माजघरात जावे, आणि तेही मध्यरात्री.