मत्स्याचा पत्ता आणि मंगळावरचा थोट

शाहू छत्रपतींनी पुत्रवत वाढविलेल्या फत्तेसिंह भोसले यांच्या घराण्याकडे अक्कलकोटचा मुलूख आला. पुढे हे संस्थान सातारच्या जहागीरदारांमध्ये गणले गेले, तेव्हा ठरावीक घोडदळ चाकरीस सज्ज ठेवणे ही त्याची बांधिलकी होती. १८६८ मध्ये ही बांधिलकी संपून तिच्या जागी वर्षाला १४,५९२ रुपयांची रक्कम ठरली, आणि घोडा, स्वार, दाणावैरण व पागा असा सगळा जिवंत पसारा कारकुनाच्या वहीतील एका आकड्यात मावला. प्राण्याला आकड्यात बसविण्याची ही क्रिया राज्यकारभारात रूक्ष वाटते. खेळांच्या इतिहासात मात्र तीच मोठ्या कल्पकतेची जागा आहे, कारण कथेतला प्राणी पटावर किंवा पत्त्यावर आणताना त्याचे काय राखायचे आणि काय सोडायचे, हा निर्णय खेळ रचणाऱ्याला घ्यावाच लागतो.

या निर्णयाचा अर्वाचीन नमुना अमेरिकेत सापडतो. एडगर राइस बरोज यांची मंगळावर घडणारी पहिली कथा १९१२ मध्ये मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि परग्रहावरील साहस, प्रेम व युद्ध यांची सांगड घालणाऱ्या अद्भुतकथांचा एक संप्रदायच तिच्यामागून उभा राहिला. बरोज यांच्या मंगळावर आठ पायांचा ‘थोट’ हा वाहनपशू आहे, दहा पायांचा ‘बँथ’ हा सिंहासारखा हिंस्र प्राणी आहे आणि चार हातांचे पांढरे वानर आहेत. १९२२ च्या ‘द चेसमेन ऑफ मार्स’ या कादंबरीत तर त्यांनी ‘जेतान’ नावाचे मंगळावरचे बुद्धिबळच रचले आणि त्याचे नियम पुस्तकाच्या शेवटी जोडले. शंभर घरांच्या त्या पटावर प्रत्येक बाजूला वीस मोहरी असतात व त्यांत थोटही असतो. तो एक घर सरळ आणि एक घर तिरका चालतो, म्हणजे आपल्याकडच्या अडीच घरे चालणाऱ्या घोड्याचा तो जवळचा नातलग ठरतो. त्याचे आठ पाय मात्र पटावर कोठेच उपयोगी पडत नाहीत. लेखकानेच आपल्या प्राण्याची केवळ चाल राखली आणि बाकीचे रूप सोडून दिले.

असे प्राणी घडविणे दख्खनला नवे नव्हते. येथील अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला आहे; सिंहाच्या देहाचा हा काल्पनिक पशू पंजांखाली हत्ती दाबून उभा असतो, आणि त्याच्या पायांखालील हत्ती मोजले की त्याच्या बळाचा अंदाज पाहणाऱ्याला आपोआप येतो. दोन मुखांचा गंडभेरुंड पक्षीही याच परंपरेतला असून कन्नड व मराठी मुलखांच्या सीमेवर वसलेल्या अक्कलकोटसारख्या भागाला तो दोन्ही बाजूंनी ओळखीचा आहे. दगडातल्या या प्राण्यांना मात्र नियम नाहीत, आणि नियमांत शिरलेले प्राणी पाहायचे तर गंजिफांकडे वळावे लागते.

गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले, बहुधा गोल आकाराचे खेळाचे पत्ते. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, त्यांवर चित्रे काढून व लाखेचा लेप देऊन ते तयार होत. हा खेळ मोगलांबरोबर रुळला. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या बारा रंगांच्या खेळाचे वर्णन केले आहे. ‘रंग’ म्हणजे एका चिन्हाच्या पत्त्यांचा गट. अकबराच्या खेळात अश्वपती, गजपती, नरपती अशा राजांबरोबर सुरांचा, असुरांचा, वनचरांचा आणि सर्पांचाही एकेक अधिपती होता. दरबाराची शिरगणती आणि पुराणातील सृष्टी एकाच डावात मांडणारी ही कल्पना असामान्यच म्हटली पाहिजे.

महाराष्ट्रात आणि विशेषतः सावंतवाडीत रुजली ती दशावतारी गंजिफा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण १२० पाने, आणि ती बहुधा तिघांत वाटली जातात. ओडिशात नवव्या अवताराच्या जागी जगन्नाथ येतो, म्हणजे प्रदेशाप्रमाणे देव बदलतो आणि नियम तसेच राहतात. चितारी मत्स्याच्या पानांवर मासे व कूर्माच्या पानांवर कासवे काढतो. सातव्या पानावर सात, आठव्यावर आठ. येथे प्राणी ही मोजण्याची खूण झाली. मत्स्याने मनूची नौका तारली, वराहाने पृथ्वी वर काढली, हे खेळताना उपयोगी नाही, कारण हात कोणाचा हे पानाच्या प्रतीवर ठरते. अर्ध्या रंगांत प्रधानाखाली दहापासून उतरता क्रम असतो आणि उरलेल्या अर्ध्यांत तो उलटून एक्का वर चढतो, हे ध्यानात ठेवणे हीच खेळाडूची परीक्षा.

सर्वांत मोठा त्याग नरसिंहाच्या वाट्याला आला आहे. हिरण्यकशिपूचा वर हा मुळात अटींचा संच आहे: मरण माणसाकडून नको आणि पशूकडून नको, दिवसा नको आणि रात्री नको, घरात नको आणि बाहेर नको. नरसिंह त्या प्रत्येक अटीतली फट शोधतो. एवढी नियमबद्ध कथा हाताशी असूनही गंजिफांनी तिचा वापर केला नाही.

तो वापर वेगळ्या वाटेने, नकळत, अमेरिकेत झाला. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ निघाला. त्यात टेबलाभोवती बसलेले खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात, सूत्रधार प्रसंग सांगतो आणि संकटांचा निकाल फाशांवर लागतो. त्याच्या पहिल्या पुस्तिकांत वाटेत भेटणाऱ्या प्राण्यांच्या तक्त्यात बरोज यांचे थोट व बँथ आले होते. त्याच वर्षी गॅरी गायगॅक्स आणि ब्रायन ब्लूम यांनी ‘वॉरियर्स ऑफ मार्स’ हा मंगळयुद्धाचा खेळही काढला, पण बरोज यांच्या वारसांची परवानगी नसल्याने तो मागे घ्यावा लागला. मंगळाचे प्राणी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधूनही पुढे गळाले, पण त्याच खेळात १९७५ मध्ये ‘राक्षस’ दाखल झाला. वाघाच्या डोक्याचे त्याचे रूप आपल्या पुराणांतून आलेले नाही, आणि त्याची कल्पना एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतून स्फुरलेली होती. तरीही त्याचा नियम लक्षणीय आहे: सामान्य शस्त्र त्याला लागत नाही, पण मंत्राने पवित्र केलेला बाण लागताच तो मरतो. आकार परका असला तरी वर आणि त्यातली फट ही राक्षसाची खरी ओळख या नियमात उरली आहे, आणि प्राण्याचे खेळात रूपांतर करताना अंगापेक्षा अट राखणे अधिक मोलाचे असते, याचा हा पुरावा मानता येईल.

गंजिफांतही कथा एका जागी नियमात शिरली आहे. सावंतवाडीची ही कला मंदावली असता तेथील राजघराण्यातील शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध चितारी पुंडलिक यांच्याकडून ती समजून घेऊन राजवाड्यात पुन्हा सुरू केली, आणि त्या पानांबरोबर खेळाचा जुना रिवाजही जपला गेला. डाव दिवसा मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा येईल त्याने पहिली उतारी करायची. दिवेलागण झाल्यावर मांडला, तर पहिले पान कृष्णाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याचे.