धाराशिवकडे वळलेले रूळ

रेल्वे धाराशिव जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या आरंभीच आली, पण खुद्द धाराशिव शहरात पोहोचायला तिला आणखी शंभर वर्षं लागली.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रुळांची गाडी, म्हणजे बार्शी लाइट, सुरू केली. एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवर स्वस्तात रेल्वे चालते, हे त्याचं गणित होतं. बार्शीच्या बाजारातला माल मुंबईच्या मुख्य मार्गाला जोडणं हे या गाडीचं काम. 1907 पर्यंत ती निजामाच्या हद्दीत शिरून तडवळ्याला पोहोचली आणि 1911 मध्ये लातूरला.

लातूर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातच होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1982 मध्ये. रूळ गेले ते बाजारपेठेकडे. कचेऱ्यांच्या गावाला, म्हणजे धाराशिवला, त्यांनी बगल दिली. धाराशिवकरांचं स्टेशन म्हणजे वीसेक किलोमीटरवरचं येडशी. तिथून बार्शी लाइट धरायची आणि कुर्डुवाडीला उतरून मोठ्या गाडीची वाट पाहायची. माल असेल तर तोही एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरायचा. कुर्डुवाडीची ही अदलाबदल तीन-चार पिढ्यांनी सोसली.

1954 मध्ये सरकारने बार्शी लाइट कंपनी ताब्यात घेतली, तरी अरुंद रूळ तसेच राहिले. रुंदीकरण करताना मात्र मार्गच बदलला आणि नवे रूळ धाराशिवकडे वळवले. लातूर–धाराशिव भाग 2007 मध्ये सुरू झाला, धाराशिव–कुर्डुवाडी ऑक्टोबर 2008 मध्ये. त्यामुळे गाडी न बदलता मुंबई गाठता येऊ लागली. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे धावली तीही याच रुळांवरून. अडीच फुटी रुळांवर ते जमलं नसतं.

थेट गाडीचं मोल किती, ते 2017 मध्ये दिसलं. लातूर–मुंबई एक्स्प्रेस बीदरपर्यंत वाढवल्यावर लातुरात आंदोलन पेटलं. त्या रागात तथ्य होतं. थेट गाडी बीदरहूनच भरून आली आणि तिच्यात जागाच मिळाली नाही, तर तिचा उपयोग काय? पुढच्या स्टेशनवर चढणाऱ्या धाराशिवकरांना तर हा प्रश्न आणखी टोचतो.

पण रोजच्या कामाचं मोठं शहर म्हणाल, तर ते सोलापूर. दवाखाना, कॉलेज, बाजार, सगळ्यासाठी तिकडेच जावं लागतं. रस्त्याने ते सत्तर किलोमीटरच्या आत. रेल्वेने मात्र आधी पश्चिमेला कुर्डुवाडी गाठून मग पुन्हा मागे आग्नेयेला यावं लागतं. ज्या तुळजापुरात आई भवानीच्या दर्शनाला लाखो भाविक येतात, तिथे तर रेल्वेच नाही. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या सुमारे 84 किलोमीटरच्या मार्गाची पायाभरणी 9 जानेवारी 2019 रोजी सोलापुरात झाली.

हा मार्ग पुरा झाला की त्यावरून लांब पल्ल्याच्या गाड्या धावतीलच. जिल्ह्याने मागणी लावून धरायला हवी ती सकाळी सोलापूरला नेणाऱ्या आणि संध्याकाळी परत आणणाऱ्या पॅसेंजरची. ही मागणी वेळापत्रक ठरण्याआधी, आत्ताच करायला हवी.