स्लीपनंतर लॅपटॉपची स्क्रीन काळीच? पॉवर बटण दाबण्याआधी हे करून पाहा

लॅपटॉपचं झाकण उघडलं, पंखा फिरतोय, कीबोर्डचे दिवे लागलेत, पण स्क्रीन काळीच! विंडोज १० आणि ११ वापरणारे बरेच जण मला हाच प्रॉब्लेम विचारतात. आणि विचारण्याआधी बहुतेकांनी पॉवर बटण दाबून धरलेलं असतं.

ते सगळ्यात शेवटी करा. स्लीपमध्ये लॅपटॉप पूर्ण बंद होत नाही. तुमची उघडी फाइल रॅममध्ये असते आणि रॅमला थोडी वीज मिळत राहते. बटण दाबून धरलं की ती वीज जाते आणि सेव्ह न केलेला प्रोजेक्ट रिपोर्टही जातो. म्हणून आधी या क्रमाने जा.

१. कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर बहुधा विंडोज जागं आहे, फक्त डिस्प्ले अडकलाय.

२. विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी या चारही कीज एकदम दाबा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो. बीप वाजून स्क्रीन क्षणभर लुकलुकते. उघड्या फाइल्स तशाच राहतात.

३. ब्राइटनेस वाढवा. प्रोजेक्टर किंवा मॉनिटरची केबल लावलेली असेल तर काढा.

४. मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. अंधुक चित्र दिसलं, तर चित्र तयार होतंय, फक्त मागचा बॅकलाइट लागत नाहीये.

५. एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडा. चित्र आलं तर लगेच फाइल सेव्ह करा.

टीव्ही नाही? मग अंदाजाने प्रयत्न करा. स्पेस दाबा, दोन सेकंद थांबा, पिन टाका (पासवर्ड असेल तर नंतर एंटर), थोडं थांबून कंट्रोल + एस. फाइल आधी एकदा नाव देऊन सेव्ह केलेली असेल आणि तीच विंडो समोर असेल, तर काम वाचू शकतं. यानंतरच पॉवर बटण दाबून धरा.

पुन्हा होऊ नये म्हणून

अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजर → डिस्प्ले अडॅप्टर्स → तुमचं ग्राफिक्स कार्ड → प्रॉपर्टीज → ड्रायव्हर → रोल बॅक ड्रायव्हर. ते बटण फिकं दिसत असेल, तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचाच ड्रायव्हर घ्या.

तोपर्यंत कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज' उघडा. तिथे हायबरनेट दिसत असेल तर स्लीपऐवजी ते निवडा. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर लिहिलं जातं, त्यामुळे वीज गेली तरी काम राहतं. चालू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, इतकंच.

आणि टॉर्चच्या उजेडात चित्र दिसलं असेल, तर दुकानात तेच आधी सांगा. विंडोज फॉरमॅट करून बॅकलाइट दुरुस्त होत नाही; उगाच पैसे जातील आणि डेटाही.