पाडव्याच्या चटणीतला पारिभद्र

गुढीपाडव्याच्या विधीसोबत पंचांगांत एक जुना श्लोक छापतात. पारिभद्राची कोवळी पाने फुलांसकट आणावीत, कुटावीत, त्यात मिरी, हिंग, मीठ, ओवा घालावा आणि रोग शमावेत म्हणून खावे, असा त्याचा आशय. बाकी जिनसांत पाठभेद आहेत. कुठे जिरे येते, कुठे साखर आणि चिंच. घरोघरी आपण कडुनिंब वाटतो. पण पारिभद्र म्हणजे कडुनिंबच, हे कशावरून?

शंका पोकळ नाही. अमरकोशात पारिभद्र हा मंदार-पारिजातकाच्या ओळीत, म्हणजे पांगाऱ्याच्या नावांत बसतो. कडुनिंबाची नावे वेगळ्या ठिकाणी आहेत. आणि पांगाऱ्याच्या त्याच ओळीत ‘निंबतरु’ही आहे, म्हणजे घोळ जुनाच. सोळाव्या शतकातला भावप्रकाश पारिभद्र हे नाव दोन्ही झाडांना देतो. कोशांच्या भरवशावर निकाल लागत नाही.

तो लागतो श्लोकातल्याच एका अटीवर: कोवळी पाने, फुलांसकट. पांगारा फुलतो तेव्हा निष्पर्ण असतो. लालभडक फुलांच्या फांदीवर पालवी शोधून सापडत नाही. कडुनिंबाला मात्र चैत्रात तांबूस पालवी आणि बारीक पांढरा मोहोर एकाच डहाळीवर येतात. हा पुरावा मला कोशापेक्षा भारी वाटतो, कारण झाडाखाली उभे राहून तो कोणालाही तपासता येतो.

जपानातही असाच पेच आहे. पहिल्या महिन्याच्या सातव्या दिवशी तिथे वर्षभराच्या आरोग्यासाठी ‘नानाकुसा-गायु’ खातात, सात पालेभाज्या घातलेली तांदळाची पेज. चौदाव्या शतकातल्या ‘काकाइशो’ या ‘गेंजी’ कादंबरीवरच्या टीकाग्रंथात या सातांची नावे मिळतात. त्यांतल्या ‘होतोकेनोझा’ या नावाने आज जी जांभळट फुलांची वनस्पती ओळखतात, ती पेजेतली नव्हेच. पेजेतली भाजी आज ‘को-ओनिताबिराको’ म्हणून ओळखली जाते.

तिथे ऋतूची साक्षही दुबळी झाली आहे. 1873 मध्ये जपानने सौर कालगणना स्वीकारली आणि हा दिवस 7 जानेवारीला, ऐन थंडीत आला. जुन्या चांद्र पंचांगाने तो काही आठवडे उशिरा, कोवळा पाला उगवू लागण्याच्या सुमारास येई. आता या भाज्या शेतात नाहीतर हरितगृहात मुद्दाम वाढवून दुकानांत जुडग्याने विकतात. पाडवा चांद्र तिथीवरच राहिला, अधिकमासाने ऋतूशी बांधलेला. म्हणून श्लोकातली फुलांची अट आजही झाडाशी ताडून पाहता येते.