नेरळ–माथेरान रेल्वे

महाराष्ट्र राज्याच्या रायगड जिल्ह्यातील नेरळपासून माथेरान या गिरिस्थानापर्यंत जाणारी अरुंदमापी पर्वतीय रेल्वे. लांबी सु. २० किमी.; दोन रुळांमधील अंतर २ फुट (सु. ६१० मिमी.), प्रवासी वाहतुकीस प्रारंभ २२ मार्च १९०७. नेरळ समुद्रसपाटीजवळचे, तर माथेरानचे पठार सु. ८०० मी. उंचीवर असून दोहोंमधील सरळ अंतर काही किलोमीटरच आहे. एवढ्या थोडक्या अंतरात एवढी उंची गाठणे हाच या मार्गाचा मूळ प्रश्न होता.

तीव्र चढावर गुळगुळीत रुळावरील गुळगुळीत चाक घसरू लागते. त्यावर पाश्चात्त्य देशांत निघालेला एक उपाय म्हणजे दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवून तीत एंजिनाचे दातेरी चाक गुंतविणे. अमेरिकेतील मौंट वॉशिंग्टन (१८६९) व स्वित्झर्लंडमधील रिगी (१८७१) येथे हौशी प्रवाशांना शिखरावर नेणारे असे मार्ग प्रथम सुरू झाले. भारतात हा उपाय निलगिरी रेल्वेत योजिला गेला. तेथे आप्ट पद्धतीच्या दंतपट्टीच्या आधारे गाडी १२ मीटरांत १ मीटर असा चढ चढते. दुसरा उपाय अधिक साधा, पण अधिक जागा खाणारा : मार्गाला वळसे देऊन त्याची लांबी वाढवायची, म्हणजे चढ सौम्य होतो. दार्जिलिंगप्रमाणे (१८८१) माथेरान येथेही हाच मार्ग स्वीकारण्यात आला. दंतपट्टीचा व विशिष्ट एंजिनांचा खर्च त्यामुळे वाचला. मात्र डोंगराच्या उतारावर कोरलेल्या लांबलचक वाटेची राखण कायमची पदरी आली.

ठाण्याचा जिल्हाधिकारी ह्यू पॉइंट्झ मॅलेट हा १८५० मध्ये माथेरानवर चढून गेला आणि मुंबईकर युरोपियनांचे लक्ष या डोंगराकडे वेधले गेले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा नेरळवरून जाणारा फाटा १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचल्याने मुंबईहून पायथ्यापर्यंतचा प्रवास सुकर झाला. पुढची चढण मात्र त्यानंतर अर्धशतकभर घोड्यावरून, डोलीतून अथवा पायीच करावी लागे.

ही उणीव दूर केली ती सरकारने नव्हे, एका भारतीय व्यापारी घराण्याने. मुंबईचे बोहरा उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी या मार्गाची योजना आखली. तिला लागलेले सु. १६ लाख रुपयांचे भांडवल वडिलांनी पुरविले. प्रत्यक्ष बांधकाम १९०४ मध्ये सुरू झाले. भारतातील बहुतेक पर्वतीय रेल्वे इंग्रजी कंपन्यांच्या वा शासनाच्या असताना एका कुटुंबाने पत्करलेले हे धाडस उल्लेखनीय होय. स्वातंत्र्योत्तर काळात ही रेल्वे मध्य रेल्वेच्या व्यवस्थापनाखाली आली.

बार्शी लाइट रेल्वेचे शिल्पकार एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हे या मार्गाचे सल्लागार अभियंते होते. चढ कोठेही २० मीटरांत १ मीटरपेक्षा तीव्र होऊ नये, हे पथ्य पाळण्यासाठी दोनशेहून अधिक वळणे घ्यावी लागली, आणि त्यांतील कित्येक अत्यंत अरुंद आहेत. तीन कडक आसांचे एंजिन अशा वळणावर अडले असते. म्हणून जर्मनीच्या ओरेनश्टाइन अँड कोपेल कंपनीकडून घेतलेल्या चार बाष्प एंजिनांना क्लीन–लिंडनर पद्धतीचे आस बसविण्यात आले. या पद्धतीत पुढची व मागची चाके पोकळ आसावर असतात. आतील भरीव आस त्यांना गती देतो, पण पोकळ आस वळणाप्रमाणे किंचित तिरपा होऊ शकतो.

नेरळ सोडल्यावर जुम्मापट्टी, वॉटर पाइप व अमन लॉज ही स्थानके लागतात. मौंट बॅरीनजीक गाडीची दिशा उलटी करणारे स्थानक टाळण्यासाठी घोड्याच्या नालाच्या आकाराचा मोठा भराव घातला आहे. जवळच्याच भोर घाटात असे उलट-स्थानक बांधावे लागले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या रचनेचे कौशल्य कळते. मार्गावरील एकमेव बोगदा इतका आखूड आहे, की इंग्रजी प्रवाशांनी त्याला ‘वन किस टनेल’ असे थट्टेचे नाव दिले. संपूर्ण प्रवासास दोन तासांहून अधिक वेळ लागतो.

चढण्यापेक्षा उतरणे अधिक जोखमीचे. दीर्घकाळ प्रत्येक डब्यावर हाताने रोधक आवळणारा माणूस असे व तो एंजिनाच्या शिटीच्या संकेतानुसार काम करी. डीझेल एंजिने १९५६ पासून आली. बाष्प एंजिने १९८० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी निवृत्त झाली. मे २०१६ मध्ये अमन लॉजनजीक डबे घसरण्याचे प्रकार लागोपाठ घडल्यावर गाडी थांबविण्यात आली आणि डब्यांना वायुरोधक बसविण्यात आले. जानेवारी २०१८ मध्ये संपूर्ण मार्ग पुन्हा सुरू झाला.

या रेल्वेचा खरा प्रतिस्पर्धी मोटार नसून पाऊस आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग अनेक ठिकाणी वाहून गेला. तो शताब्दीच्या तोंडावर, मार्च २००७ मध्ये पूर्ववत झाला. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा तीच गत झाली व नेरळहून गाडी ऑक्टोबर २०२२ पर्यंत निघू शकली नाही. दुरुस्तीत दगड भरलेल्या जाळीच्या भिंती घालून उतार सावरण्यात आले. पावसाळ्यात नेरळ–अमन लॉज टप्पा बंद ठेवण्याची प्रथा आहे.

पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून २००३ मध्ये घोषित झालेल्या माथेरानमध्ये खाजगी मोटारींना प्रवेश नाही. त्या दस्तुरी येथेच थांबतात. तेथून बाजारपेठेपर्यंतचे सु. अडीच-तीन किमी. अंतर पायी, घोड्यावरून किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या गाडीने काटता येते. अमन लॉज–माथेरान अशी स्वतंत्र फेरी २०१२ मध्ये सुरू झाली. खालचा मार्ग बंद असतानाही ती शक्यतो चालू ठेवण्यात येते, कारण पर्यटकांइतकीच ती गावातील रहिवाशांच्या व मालवाहतुकीच्याही उपयोगाची आहे.