स्टेपनी : जादा चाकाची कथा

मोटारीच्या जादा चाकास आपल्याकडे 'स्टेपनी' म्हणतात. बोईसरहून नवापूरच्या किनाऱ्याकडे धांवणाऱ्या रिक्षा-टेंपोवाल्यांच्या तोंडीं रुळलेला हा शब्द वेल्समधील लानेली गांवच्या एका रस्त्याचें नांव आहे. प्रारंभींच्या मोटारींत जादा चाक नसे. टायर पंक्चर झाला, कीं चालकानें रस्त्यांतच तो उतरवावा, ठिगळ लावावें आणि पुन्हां चढवावा. १९०४ सालीं स्टेपनी रस्त्यावरील डेव्हिस बंधूंनीं हवा भरलेला टायर बसविलेली, आऱ्यांवांचूनची धांव तयार केली. ती बिघडलेल्या चाकावर पकडींनीं अडकवून गाडी पुढें नेतां येई. पुढें संपूर्ण जादा चाक आलें. मूळ वस्तु लोपली. नांव मात्र हिंदुस्थानांत राहिलें, आणि थोड्या फरकानें ब्राझीलमध्येंही.

परंतु चाक जपून ठेवलें म्हणजे टिकलेंच, असें नाहीं. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट आणि थंडींत कडक होई. १८३९ सालीं चार्लस गुडइयर यांनीं तें गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची युक्ति शोधली. १८८८ सालीं बेलफास्टच्या डनलॉप यांनीं हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. तरीही प्राणवायु, ओझोन आणि उष्णता रबरास हळूहळू कडक करून भेगा पाडतात. त्यांस आवर घालण्यासाठीं कारखानदार रबरांत मेण व इतर द्रव्यें मिसळतात. टायर फिरतांना दबतो, तेव्हां तीं द्रव्यें पृष्ठभागावर येत राहतात. पडून राहिलेल्या स्टेपनीस हा लाभ मिळत नाहीं. नवापुरासारख्या ठिकाणीं खारी, दमट हवा लोखंडी धांवेसही गंज चढविते, व कडेनें हवा निसटूं लागते.

म्हणून केवळ नक्षी शाबूत पाहून विसंबूं नये. टायरच्या कुशीवरील चार आंकडे पाहावे : '२३१४' म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. तीनच आंकडे असल्यास तो टायर सन २००० पूर्वींचा समजावा. कांहीं मोटार-कारखाने सहा वर्षांनीं टायर बदलावयास सांगतात. दहा वर्षांपलीकडे स्टेपनीही वापरूं नये, असा कित्येक टायर-कारखान्यांचा सल्ला आहे. मुदत उरली असली, तरी भेगा वा फुगवटा दिसल्यास त्या चाकावर एक मैलही जाऊं नये. हवा तर महिन्यांतून एकदां तपासावीच.

अवघड वेळीं माणसें ज्या चाकाच्या भरंवशावर घरीं पोहोंचावयाचीं, त्याची पारख निघण्यापूर्वींच व्हावी; रात्रीं भर रस्त्यांत ती करण्यास वेळ नसतो.